टायपिस्टबाईंच्या मापाची

मिस्त्रींच्या घरात खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यावर कोणी बसत नसे. तसं कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पण पाहुणा आला आणि तिकडे वळला की मिस्त्री म्हणत, "इकडे बसा, तिथे ऊन येतं." बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तिथे ऊनच येत असे.

खुर्ची काही देखणी नव्हती. जुन्या ऑफिसातली, हिरव्या रेक्झिनची, पाठ एवढीशी, हात नाहीतच, खाली पाच पाय आणि पायांना चाकं. बैठकीखाली लोखंडी दांडा होता आणि तो एका जाड नळीत वर-खाली सरकायचा. हव्या त्या उंचीवर आणला, की बाजूची काळी मूठ आवळायची. पाठीला दुसरी मूठ. या दोन्ही मुठी मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या होत्या, आणि शेवटच्या आवळल्या होत्या त्या टायपिस्टबाईंनी.

टायपिस्टबाई म्हणजे मिस्त्रींची बायको. खुर्च्यांच्या कारखान्यात ती ऑफिसात टाइप करायची आणि हे मागच्या शेडमध्ये खुर्च्या जोडायचे. लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचंही लग्न झालं, तरी हे तिला टायपिस्टबाई म्हणायचे आणि ती यांना मिस्त्री. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिचे कपडे सुनेने आवरले, चष्मा मुलाने ठेवून घेतला. मिस्त्रींनी कशालाच नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त खुर्चीच्या मुठींना कोणाचा हात लागू दिला नाही.

कपडे कपाटात लटकतात, त्यात माणूस नसतो. पण ती खुर्ची पाहिली की वाटायचं, बाई आत्ताच उठून चहा टाकायला गेली आहे. बैठक तिच्या गुडघ्यांच्या उंचीला, पाठ तिच्या कमरेच्या बाकाला. मूठ एकदा सैल झाली, दांडा खाली घसरला, की ते माप गेलं. मग ती नुसती जुनी खुर्ची. मिस्त्रींनी असल्या शेकड्याने भंगारात जाताना पाहिल्या होत्या.

आणि नेमकी त्या घरात सुनेची पाठ धरली.

सून घरूनच काम करायची. इमारतींतल्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. बसायची जेवणाच्या टेबलापाशी, जेवणाच्या खुर्चीवर, पाठीला उशी लावून. आधी उशी एक होती, मग दोन झाल्या. मग उठताना टेबलाला हात टेकायला लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "आधी नीट खुर्ची घ्या. नाहीतर काही दिवसांनी कामच सोडावं लागेल."

रात्री जेवताना मुलाने विषय काढला. "बाबा, ती आईची खुर्ची..." एवढं बोलून तो एकदम "आई गं!" म्हणाला. टेबलाखालून सुनेने त्याच्या नडगीवर पाय मारला होता.

"आपण नवीन आणू," सून घाईने म्हणाली.

"विकत?" मिस्त्रींनी घास खाली ठेवला. "खुर्चीवाल्याच्या घरात विकतची खुर्ची? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. मी करतो."

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने मुलाकडे. टायपिस्टबाई गेल्यापासून मिस्त्रींनी हातात पटाशी धरली नव्हती. हत्यारांची पेटी बाल्कनीत धूळ खात पडली होती आणि मिस्त्री तिच्या शेजारीच स्टुलावर बसून असायचे. त्यामुळे "मी करतो" म्हटल्यावर दोघांपैकी कोणीही "कशाला त्रास घेता" असं म्हटलं नाही. सून एवढंच म्हणाली, "मग माझं माप घ्या ना, बाबा."

"माप परक्याचं घ्यायचं असतं," मिस्त्री म्हणाले. "घरचं माणूस रोज डोळ्यांसमोर असतं."

खरं तर त्यांना संकोच वाटला होता. बसण्याचं माप म्हणजे टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत. सुनेच्या पायाला पट्टी लावायची म्हणजे कसंतरीच.

दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीत रंधा चालू झाला. सून कामातून उठली की चहाचे दोन कप घेऊन तिथे यायची आणि कठड्याला टेकून उभी राहायची. तिला आता बसण्यापेक्षा उभं राहण्यातच सुख होतं.

"बाबा, ऑफिसच्या खुर्च्या आधीपासून अशाच होत्या? वर-खाली होणाऱ्या?"

मिस्त्रींना असं कोणी फार दिवसांत विचारलं नव्हतं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला.

"छे गं. माझे वस्ताद सांगायचे, त्यांच्या वस्तादांच्या वेळी कारकून उभ्यानेच लिहायचे. उंच मेज, त्यावर वही, खाली पाय दुखताहेत. मग कोणाला तरी दया आली आणि स्टूल दिलं. आता पेपरात वाचलं, की उभं राहून काम करायची टेबलं निघालीत म्हणे. पणजोबा बसायला मिळावं म्हणून रडला, पणतू उभं राहायला मिळावं म्हणून रडतोय."

सून हसली आणि हसताना तिने कमरेवर हात धरला.

"मी लागलो तेव्हा आमच्याकडे एकच साचा. उंच असो, बुटका असो, जाडा असो, सगळ्यांना तीच खुर्ची. मालक म्हणायचे, माणसाने खुर्चीत मावायला शिकावं. साहेबाची तेवढी वेगळी. पाठ उंच, हात रुंद, गादी जाड. जेवढा माणूस मोठा तेवढी पाठ उंच. अगदी वरच्या साहेबाच्या खुर्चीत साहेब कुठे आहे ते शोधावं लागायचं."

"आणि दिवसभर बसून काम कोण करायचं?"

"तेच तर! साहेब फिरायचा. बसून राहायच्या त्या टाइप करणाऱ्या बायका." मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. "त्यांत आपली एक. एके दिवशी शेडमध्ये आली, हातात टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी. म्हणाली, 'मिस्त्री, ही बघा तुमच्या खुर्चीची पायरी. ही पायाखाली घेतली नाही तर माझे पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबकळतात. तुम्ही खुर्ची करताना माणूस बघता की नुसतं लाकूडच?' सगळ्या शेडसमोर!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तिची खुर्ची आणली आणि पाय कापले."

"बाबा!"

"खुर्चीचे गं! तिला एकदम बरोबर झाली. पण ऑफिसात दोन शिफ्टा. सकाळी ही, दुपारी दुसरी एक. ती दुसरी शिडीसारखी उंच, सगळे तिला लांबडीच म्हणायचे. खुर्ची दोघींत एक. दुपारी लांबडी बसली तर गुडघे हनुवटीला. ती आली भांडायला. हिला बरं करावं तर ती ओरडते, तिला करावं तर ही. इकडे आड तिकडे विहीर. तेव्हा लाकडी पाय काढून टाकले आणि हा दांडा न् मूठ बसवली. बाहेरच्या देशांत असलं काही असतं एवढं ऐकून होतो, पाहिलेलं नव्हतं. पाठही मागे-पुढे सरकणारी केली. मालकाला वाटलं, आता बायका आळशी होणार, डुलक्या काढणार. उलट टाइप केलेले कागद वाढले. मग तो सगळ्यांना सांगत सुटला की कल्पना माझीच."

"पाच पाय पण तुम्हीच केलेत?"

"ते आमच्या मुनीमजींनी केले. चार पायांची होती तोवर, खाली पडलेलं पेन घ्यायला वाकले आणि खुर्चीसकट आडवे झाले. मग पाचवा पाय आला. पुढे सगळीकडेच पाच झाले. आमच्याआधी कोणी केले असतील तर असोत, आमच्याकडे मुनीमजी पडले म्हणून झाले."

सुनेने कप कठड्यावर ठेवला. "पण मग रोज सकाळी आईंना आपली उंची शोधत बसायला लागत असेल. कालच्या शिफ्टला ती लांबडी बसून गेलेली."

"बसायची ना, वैतागायची. एकदा पर्समधून नखाला लावायचा रंग काढला आणि दांड्यावर स्वतःच्या उंचीला लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी लांबडीनेही मारली, तपकिरी. आणि मग दोघींनी एक रीत पाडली. आपली शिफ्ट संपली की उठताना खुर्ची दुसरीच्या रेघेवर आणून ठेवायची. येणारीला मुठीला हात लावायला लागू नये. आधी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पुढे लांबडी आमच्या लग्नात वाढायला होती."

 सूनबाई आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "ती हीच खुर्ची ना? मग आईंची रेघ अजून असेल तिच्यावर."

मिस्त्रींनी रंधा उचलला. "कुठली असणार? ग्रीस लागून लागून केव्हाच पुसली असेल," ते म्हणाले आणि लाकडाकडे वळले. असेल की नाही, हे बघायला मूठ सैल करावी लागली असती.

नवी खुर्ची झाली. लाकडी, ठाम, तिला मूठ नाही की दांडा नाही. मिस्त्री म्हणाले, "एकाच माणसासाठी करायची तर वर-खाली कशाला हवं? अंगावर शिवलेल्या कपड्याला कोणी पट्टा लावतं का?" पाठीला त्यांनी हळुवार बाक दिला होता, कडा इतक्या घासल्या होत्या की बोट लावलं तर लोण्यासारखं लागावं. सून बसली, हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "छान झालीय, बाबा. अगदी छान."

मिस्त्रींना त्या रात्री चांगली झोप लागली. टायपिस्टबाई गेल्यापासून तशी लागली नव्हती.

गादी भरायची राहिली होती, त्यासाठी त्यांनी कापसाला निरोप धाडला. कापूस म्हणजे कारखान्यातला गादीवाला. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. गोल, बुटका, तोंडाचा पट्टा कायम सैल. तो आला तेव्हा सून कामाला बसलेली होती. "उठू नका, उठू नका," म्हणत तो दारातच थांबला आणि बघत राहिला. सुनेचे गुडघे वर आले होते. एक पाय तिने टेबलाच्या पार पलीकडे लांबवला होता, दुसरा मुडपून खुर्चीखाली घेतला होता.

"चहा टाकते," म्हणून ती उठली, आणि उठताना पुन्हा टेबलाला हात टेकला.

कापसाने खुर्ची उलटी केली, सुलटी केली. बैठकीवरून तळवा फिरवला. मग स्वतः तिच्यावर ऐटीत बसला आणि पाय जमिनीला टेकवून दाखवले. "मला तर एकदम बरोबर होतेय रे."

"तुला का नाही होणार? तुला स्टूलही होतं."

"मिस्त्री, ही कोणासाठी केलीस?"

"म्हणजे? सूनबाईसाठी. डोळे गेले का तुझे?"

"माझे नाही गेले." कापूस हळू आवाजात बोलायला लागला, आणि कापूस हळू बोलतो हेच मिस्त्रींना चमत्कारिक वाटलं. "डावीकडे हात लावून बघ. बैठक डावीकडे किंचित उंच ठेवलीयस. का ठेवलीस?"

मिस्त्रींनी तळवा फिरवला. होती. भाताच्या शितापेक्षा जास्त नाही, पण होती. ठेवताना त्यांनी विचारही केला नव्हता.

"टाइप करायचा कागद डावीकडे असायचा," कापूस म्हणाला. "वहिनी सारखी डावीकडे कलून बसायची, म्हणून तिथला फोम आधी बसायचा. दर वेळी तिथे जादा थर मीच टाकायचो. सूनबाई कुठे डावीकडे बघते? तिचं सगळं समोर. आणि पाय बघ हे. पोरगी लांबडीच्या वळणाची आणि खुर्ची वहिनीच्या मापाची. अरे, तू तिलाच बसवलंस इथे."

 मिस्त्रींनी आपले दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट पाहिले, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. माप घेतलं नव्हतं. डोळ्यांसमोरच्या माणसाची करतोय असं म्हणत केली होती. आणि हातांनी मात्र, जिचं माप त्यांना पाठ होतं तिचीच करून ठेवली होती.

सून चहा घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून तिथेच थांबली.

"तुला छोटी होते ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही हो, बाबा. थोडीशी... सवय होईल."

"खरं सांग."

ती ट्रेकडे बघत राहिली. "पहिल्या दिवशीच कळलं. पण तुम्ही परत काम करायला लागला होतात. रंध्याचा आवाज यायचा घरात. ह्यांनाही बरं वाटत होतं. म्हटलं, पाठ काय, दुखतेच आहे तशीही."

कापूस म्हणाला, "घ्या! हा मेलेल्या बायकोला जपतोय, सून ह्याला जपतेय, आणि पाठ कोणी जपायची? मी?" आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने चहाचा कप तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

मिस्त्री उठले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी तेलाची कुपी घेतली आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी गेले. सून मागे गेली. "बाबा, राहू द्या. खरंच राहू द्या. आपण विकत आणू. मी यांना सांगते."

"गप्प बैस," मिस्त्री म्हणाले, पण रागावून नव्हे.

ते खुर्चीसमोर जमिनीवर बसले. मुठीत तेल सोडलं. तेल मुरेपर्यंत बैठकीवर हात ठेवून राहिले. डावीकडे रेक्झिन किंचित खोल गेलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने सारखं केल्यासारखं केलं. त्यांना वाटत होतं, आत्ता मूठ फिरेल, दांडा धाडकन खाली जाईल, आणि घरात टायपिस्टबाईंची बसल्याची जी एवढी एकच जागा उरली आहे, ती आपल्याच हाताने मोडेल. पण मघाशी टेबलापाशी कापसाने उलटीसुलटी केलेली खुर्ची त्यांना आठवत होती. न बघता, न मोजता केलेली.

"सूनबाई, बैठक खालून धर. खाली घसरू देऊ नकोस."

तिने दोन्ही हातांनी बैठक धरली. मिस्त्रींनी मूठ फिरवली. पहिल्यांदा ती हललीच नाही, मग कुरकुरली आणि सुटली.

"आता उचल. हळू."

दांडा नळीतून वर यायला लागला. काळा, ग्रीसने माखलेला. आणि नळीच्या काठातून, जरासा वर येताच, लाल रेघ बाहेर आली.

मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाहीने ती पुसली. रंग काळपटला होता, एका कडेला टवका उडाला होता, पण रेघ सरळ होती. टायपिस्टबाईंची कुठलीही रेघ सरळच असायची.

"आहे की हो," सून म्हणाली.  "बाबा, आहे!"

"अजून उचल. तुझी वर आहे."

आणखी थोडा दांडा वर आला. लांबडीची तपकिरी रेघ मात्र ग्रीसमध्ये केव्हाच पुसून गेली होती. मग मिस्त्रींनी मूठ तेवढ्यापुरती आवळली आणि जाऊन मोजपट्टी घेऊन आले. "पाय पुढे कर," ते म्हणाले. तिने जेवणाच्या खुर्चीवर बसून पाय जमिनीवर ठेवला. मिस्त्रींनी टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत पट्टी धरली, कसलाही संकोच न करता, जसं आयुष्यभर लोकांचं माप घेतलं तसं. दांडा त्या मापाला आणला, मूठ आवळली. पाठ पुढे घेतली, मागे नेली, पुन्हा बोटभर पुढे घेतली.

"बस."

सून बसली. पाठ टेकवली. तिने एक लांब श्वास सोडला. सकाळपासून डोक्यावर असलेलं ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतं तसा. यावेळी "छान झालीय" म्हणायची तिला गरज पडली नाही.

मग ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि नखांच्या रंगाची छोटी बाटली घेऊन आली. जांभळा होता. "मारू?"

"विचारतेस काय? रीतच आहे."

ती गुडघ्यांवर बसून नळीच्या काठाला लागून रेघ मारायला लागली. जीभ बाहेर काढून, नकाशा काढतात तशी. दारातून कापूस म्हणाला, "वाळू द्या हो. नाहीतर सासूबाईंच्या रेघेला फासाल. त्या खपवून घ्यायच्या नाहीत."

मिस्त्री हसले. हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले आणि बाहीचं ग्रीस गालाला लागलं. ते कोणी त्यांना सांगितलं नाही.

लाकडी खुर्ची कापसाने मागून घेतली. "गादी माझी मीच भरतो," तो म्हणाला. "आणि डावीकडचा थर तसाच ठेवतो. वहिनीची म्हणून बसेन." ती डोक्यावर उलटी घेऊन तो जिना उतरला.

हिरवी खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी गेली. खिडकीपाशी मोकळी जागा राहिली. मिस्त्री दिवसभर तिकडे फिरकले नाहीत. बाल्कनीत पेटी आवरत बसले. पटाशीला धार लावली, रंध्याचं पातं काढून पुसलं, आणि आतून चाकांचा आवाज आला की कान तिकडे लावत राहिले.

दिवेलागणीला सून काम संपवून उठली. मिस्त्री पाणी प्यायला आत आले होते, ते स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. तिने कॉम्प्युटर मिटला, कागद एका बाजूला केले. मग खुर्ची ढकलत खिडकीपाशी नेली. खाली वाकून मूठ सैल केली, दुसऱ्या हाताने बैठक धरून ती हळूहळू खाली आणली. लाल रेघ नळीच्या काठाला टेकल्यावर मूठ आवळली. आवळली की नाही हे पुन्हा एकदा हलवून पाहिलं.

वळली तेव्हा तिला मिस्त्री दिसले.

"शिफ्ट संपली, बाबा," ती म्हणाली आणि दिवा लावायला गेली.